नऊ स्लॉटमध्ये दिवस कसा काढायचा

डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून फाशांनी खेळायच्या भूमिका-खेळात पाचव्या लेव्हलच्या विझार्डकडे, म्हणजे मंत्र टाकणाऱ्या पात्राकडे, दिवसाला नऊ स्पेल स्लॉट असतात, म्हणजे मंत्र टाकायच्या नऊ संधी. पहिल्या लेव्हलचे चार, दुसऱ्याचे तीन, तिसऱ्याचे दोन. मोठा मंत्र टाकला की त्यातला एक गेला. नऊही गेले की लढाईत हातात उरतात ते फक्त कॅन्ट्रिप, म्हणजे कितीही वेळा टाकता येणारे लहान मंत्र.

नव्या खेळाडूंना या नवांची फार धास्ती असते. काही जण पहिल्याच खोलीत सगळे उडवून मोकळे होतात. काही जण तीन-तीन रविवार एकही स्लॉट न वापरता बसतात, आणि ज्या मोठ्या लढाईसाठी ते राखून ठेवले होते ती होईस्तोवर निम्मी पार्टी (खेळाडूंच्या पात्रांचा गट) जमिनीवर पडलेली असते. नागपूरच्या धरमपेठेत आम्ही ज्या टेबलावर खेळतो तिथे डीएम (गोष्ट आणि शत्रू चालवणारा) म्हणून मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्नही हाच आहे: "दादा, हे आत्ता टाकू का ठेवू?"

उत्तर प्रत्येक वेळी वेगळं असलं तरी ते काढायची रीत आहे. स्लॉटची किंमत डॅमेजच्या, म्हणजे शत्रूला झालेल्या इजेच्या, आकड्यात मोजू नका. त्याने शत्रूच्या किती पाळ्या वाया गेल्या आणि आपल्या माणसांचे किती वार जास्त लागले, ते मोजा. आणि दिवस किती उरलाय हे सतत विचारत राहा. बाकीचा लेख या दोन गोष्टी उलगडण्यासाठीच आहे. आकडे २०१४ च्या पाचव्या आवृत्तीतले आहेत. २०२४ मध्ये नियम सुधारले, तिथे फरक पडत असेल तर सांगतो.

दिवस म्हणजे कुठला दिवस

स्लॉट परत येतात ते लाँग रेस्टनंतर. लाँग रेस्ट किमान आठ तासांचा असतो आणि चोवीस तासांत एकदाच घेता येतो. हे तास खेळाच्या जगातले. आपण रविवारी दुपारी चार तास खेळलो, खेळातली संध्याकाळही झाली नाही, आणि आपापल्या घरी गेलो, तर पुढच्या रविवारी विझार्ड जिथे होता तिथेच उभा असतो, तेवढेच स्लॉट घेऊन. आमच्याकडे खेळातला एक दिवस कित्येकदा तीन-चार रविवार चालतो. नवीन माणूस इथे हमखास गोंधळतो आणि दर आठवड्याला पाटी कोरी आहे असं समजून चालतो.

यावर आम्ही साधा उपाय करतो. प्रत्येक स्लॉटसाठी एक चिंचोका. पहिल्या लेव्हलचे साधे, दुसऱ्याचे एका बाजूने घासून पांढरे केलेले, तिसऱ्याचे रंगवलेले. मंत्र टाकला की चिंचोका टेबलाच्या मधल्या वाटीत. खेळ थांबला की उरलेल्यांचा फोटो ग्रुपवर. कागदावर खाडाखोड करण्यापेक्षा हे बरं, कारण वाटीत किती पडले आणि कुणापुढे किती उरले हे सगळ्यांना दिसतं. पुढे जायचं की थांबायचं हा निर्णय सगळ्यांचा असतो, तेव्हा माहितीही सगळ्यांपुढे हवी.

लेव्हलचा गुंता

या खेळात लेव्हल दोन प्रकारची आहे आणि दोन्हीला नाव एकच. एक पात्राची, १ ते २०. दुसरी मंत्राची, १ ते ९. पाचव्या लेव्हलच्या विझार्डला पाचव्या लेव्हलचे मंत्र येत नाहीत, तिसऱ्यापर्यंतचे येतात. पाचव्या लेव्हलचा मंत्र यायला पात्र नवव्या लेव्हलला पोचावं लागतं. नवव्या लेव्हलचा मंत्र सतराव्या लेव्हलला मिळतो, आणि तोही दिवसातून एकदाच. अगदी विसाव्या लेव्हललाही नवव्याचा स्लॉट एकच राहतो. सगळे मिळून स्लॉट होतात बावीस.

लहान मंत्र मोठ्या स्लॉटमधून टाकता येतो, मोठा मंत्र लहान स्लॉटमधून नाही. पहिल्याला अपकास्ट म्हणतात. काही मंत्र त्यामुळे जोरदार होतात. मॅजिक मिसाइलला दर लेव्हलमागे एक बाण वाढतो, फायरबॉलला एक फासा. काहींवर काहीच परिणाम होत नाही. शील्ड तिसऱ्या स्लॉटमधून टाकला तरी तेवढाच शील्ड.

आणखी एक गोष्ट वेगळी ठेवा: सकाळी तयार केलेल्या मंत्रांची यादी आणि स्लॉट यांचा एकास-एक संबंध नाही. यादीतला एकच मंत्र चारही स्लॉटमधून चार वेळा टाकता येतो. पूर्वी असं नव्हतं. १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी हा खेळ आणला, तेव्हाच्या पद्धतीत मंत्र पाठ करायचा, टाकला की तो डोक्यातून पुसला जायचा. ही कल्पना जॅक व्हान्स या अमेरिकन लेखकाच्या कथांतून आली होती. त्या पद्धतीत फायरबॉल दोनदा हवा असेल तर सकाळी दोनदा भरून ठेवावा लागे. २०१४ च्या आवृत्तीने ही गाठ सोडवली. म्हणून आता सकाळी फार डोकं खर्च करावं लागत नाही. खरं डोकं दुपारी लागतं.

आधी फुकटचं काय ते बघा

कॅन्ट्रिप फुकट. त्यांची ताकद पात्राच्या पाचव्या, अकराव्या आणि सतराव्या लेव्हलला वाढते. पाचव्या लेव्हलचा फायर बोल्ट दोन डी-टेनचा (दहा बाजूंच्या दोन फाशांचा), म्हणजे लागला तर सरासरी ११ डॅमेज.

रिच्युअलही फुकट. डिटेक्ट मॅजिक, आयडेंटिफाय, कॉम्प्रिहेंड लँग्वेजेस, अलार्म, टायनी हट या मंत्रांवर रिच्युअलची खूण असते. नेहमीच्या वेळेपेक्षा दहा मिनिटं जास्त दिली की स्लॉट लागत नाही. विझार्डला तर ते सकाळी तयारही ठेवावे लागत नाहीत, वहीत लिहिलेले असले की झालं. तरीही डिटेक्ट मॅजिकसाठी स्लॉट खर्च करणारे पुष्कळ बघितले. पाठीमागे कुणी लागलं नसेल तर दहा मिनिटं द्या. फक्त तेवढ्या वेळात आधी टाकलेले दहा मिनिटांचे मंत्र विरतील, हे लक्षात ठेवा.

एका स्लॉटचं मोल

आता खरी गंमत. पहिल्या लेव्हलचा एक स्लॉट घेऊ आणि तो तीन ठिकाणी खर्च करून बघू.

मॅजिक मिसाइल: तीन बाण, प्रत्येकी एक डी-फोर अधिक एक. सरासरी साडेदहा डॅमेज, आणि नेम चुकत नाही. ऐकायला छान वाटतं. पण त्याच पाळीत फुकटचा फायर बोल्ट टाकला असता तर? वार लागतो का हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. साधारण ६५ टक्के वेळा लागतो असं धरलं, त्यावर वीस पडल्यावरचे दुप्पट फासेही धरले, तर सरासरी पावणेआठच्या आत-बाहेर येते. म्हणजे स्लॉट खर्चून पदरात पडलं जेमतेम तीन डॅमेज. शत्रू दोन-चार एचपीवर (जिवाच्या गुणांवर) आलाय आणि पळून जाऊन बाकीच्यांना उठवणार आहे, तेव्हा खात्रीचा बाण सोन्यासारखा. एरवी महाग.

शील्ड: शत्रूचा वार लागला की लगेच, त्याच्याच पाळीत टाकायचा. एसी, म्हणजे वार लागायला शत्रूला गाठावा लागणारा आकडा, पाचने वाढतो, तोही आपली पुढची पाळी येईपर्यंत. समोर ओगर, म्हणजे धिप्पाड राक्षस, आहे, त्याच्या सोट्याचा वार सरासरी १३ डॅमेजचा. फासा आणि बोनस मिळून त्याचे १७ झाले, तुमचा एसी १५. शील्ड टाकला की २०, वार फुकट. एका स्लॉटमध्ये शत्रूची अख्खी पाळी गेली. शिवाय स्लॉट लागतो तो वार लागल्यावरच, उगाच आधी नाही. शत्रूचा एकूण आकडा किती होता हे डीएमने सांगायचं की नाही, यावर टेबलाटेबलावर वेगळी पद्धत असते. मी सांगतो. खेळाडूला विचार करायला काहीतरी हाती हवं.

ब्लेस, हा क्लेरिकचा (देवाच्या शक्तीने मंत्र टाकणाऱ्याचा): तीन साथीदारांच्या प्रत्येक हल्ल्यात आणि सेव्हमध्ये, म्हणजे मंत्राचा परिणाम टाळायच्या फाशात, एक डी-फोर जास्तीचा. सरासरी अडीच, म्हणजे वार लागण्याची शक्यता साधारण साडेबारा टक्क्यांनी वाढते. पाचव्या लेव्हलला फायटर (लढवय्या) दोन वार करतो, पॅलाडिन (धर्मयोद्धा) दोन, रोग (चोरपावलांनी लढणारा) एक. फेरीला पाच. लढाई तीन फेऱ्या चालली तर पंधरा वार, त्यातले जवळपास दोन असे की जे एरवी चुकले असते. आणि सेव्हचा फायदा वेगळाच.

तिन्ही ठिकाणी स्लॉट पहिल्याच लेव्हलचा, पण परतावा कुठच्या कुठे.

ब्लेसचा हिशोब पुन्हा बघा: तो पहिल्या फेरीत टाकला म्हणून पंधरा वार मिळाले. तिसऱ्या फेरीत टाकला असता तर पाचच. आमच्या टेबलावरच्या बहुतेक लढाया तीन-चार फेऱ्यांत निकाली निघतात, म्हणून लढाई बदलणारा मंत्र टाकायचाच असेल तर पहिल्या फेरीत टाका. "बघू, अवघड झालं तर टाकतो" म्हणणारा माणूस शेवटी टाकतोच, फक्त अर्ध्या फायद्यात. आमच्यातला एक फायटर अशा वेळी ओरडतो, "अबे, टाकाचं असन तं आत्ताच टाक नं, मंग कायले ठेवून राहिला!" त्याचं गणित पक्कं आहे.

आता तिसरी लेव्हल. फायरबॉल म्हणजे आठ डी-सिक्स, सरासरी २८, सेव्ह केला तर निम्मं. तुमचा सेव्ह डीसी (शत्रूला सेव्हसाठी गाठायचा आकडा) १५ आणि शत्रूचा बोनस २ असेल तर ६० टक्के वेळा तो चुकतो. मग एका शत्रूमागे सरासरी २२ च्या वर थोडं. वीस फुटांच्या त्रिज्येत एकच शत्रू असेल तर तेवढंच. पाच असतील तर ११२. मंत्र तोच, स्लॉट तोच, फरक फक्त कुठे टाकला याचा. माझ्या मते तीनपेक्षा कमी शत्रूंवर फायरबॉल टाकू नये, आणि मी हे नव्या विझार्डला पहिल्याच दिवशी सांगतो.

त्याच स्लॉटमधून हिप्नॉटिक पॅटर्न टाकला तर डॅमेज शून्य. पण जे सेव्ह चुकतात ते एका मिनिटापर्यंत भान हरपून उभे राहतात. कुणी मारलं किंवा जवळच्याने हलवून जागं केलं तरच सुटतात. पाचापैकी तीन गोठले, तर उरलेल्या दोघांवर आख्खी पार्टी तुटून पडू शकते. एकच लढाई दोन सोप्या लढायांत वाटली गेली. आणि उरलेला एखादा जागं करायला गेला तरी त्याची ती पाळी त्यातच गेली.

मग कुठला केव्हा? समोर कोण आहे ते बघा. प्रेतं खाणाऱ्या घूलवर हिप्नॉटिक पॅटर्न चालतच नाही, ते चार्म, म्हणजे मोहित, होत नाहीत. ओगरचं शहाणपण (विस्डम) उणे दोन, त्याचे विस्डमचे सेव्ह फार चुकतात, डेक्स्टेरिटीचेही (चपळाईचेही) वाईट, कॉन्स्टिट्यूशन (दणकटपणा) मात्र भक्कम. शत्रूचा कुठला सेव्ह कच्चा आहे हे ओळखलं तर दुसऱ्या लेव्हलचा स्लॉट तिसऱ्याचं काम करतो. धिप्पाड प्राण्यावर विस्डमचा, चपळावर सहसा डेक्स्टेरिटी सोडून दुसरा. अंदाज येत नसेल तर डीएमला विचारा की माझ्या पात्राला याबद्दल काय ठाऊक असेल. त्यासाठी फासा टाकावा लागेल, स्लॉट नाही.

टिकवलेला मंत्र

ब्लेस, वेब, हिप्नॉटिक पॅटर्न, स्पिरिट गार्डियन्स, हेस्ट हे सगळे कॉन्सन्ट्रेशनचे मंत्र. एका वेळी एकच धरता येतो. दुसरा टाकला की पहिला सुटतो. दोन कॉन्सन्ट्रेशनचे मंत्र लागोपाठ टाकणं म्हणजे पहिल्यासाठीचा स्लॉट अर्ध्यात सोडून देणं, तेव्हा यादी करताना खूण करून ठेवा.

मंत्र धरलेल्या माणसाला मार बसला की कॉन्स्टिट्यूशनचा सेव्ह करावा लागतो. डीसी १० किंवा डॅमेजच्या निम्मा, यातलं जे मोठं ते. बोनस २ असेल तर डीसी १० ला मंत्र टिकायची शक्यता ६५ टक्के. दोनदा मार बसला तर दोन्ही वेळा टिकण्याची ४२. म्हणून मंत्र टाकून झाला की विझार्डने खांबाआड जावं, आणि फायटरने त्याच्यापुढे उभं राहावं. त्या फायटरकडे एकही स्लॉट नसतो, पण तो दुसऱ्याचा तिसऱ्या लेव्हलचा स्लॉट राखत असतो. शील्डचा स्लॉटही इथे दुहेरी कामाचा: मार बसलाच नाही तर सेव्ह करायचा प्रश्नच नाही.

किती लढाया बाकी

जामठ्याच्या मैदानावर कर्णधार मुख्य गोलंदाजाची षटकं शेवटासाठी राखतो, कारण डाव वीस षटकांचा आहे हे त्याला माहीत असतं. विझार्डला डाव किती षटकांचा ते कुणी सांगितलेलं नसतं. अडचण आहे ती इथे.

२०१४ च्या डीएमसाठीच्या पुस्तकात एक माप दिलं होतं: सर्वसाधारण पार्टी लाँग रेस्टच्या आधी मध्यम ते कठीण अशा सहा ते आठ एन्काउंटर (लढाया किंवा अडचणी) झेलू शकते, मध्ये तासातासाच्या दोन शॉर्ट रेस्ट घेऊन. स्लॉटची संख्या या मापाला धरून बसते. नऊ स्लॉट आणि सात एन्काउंटर, म्हणजे एकेका लढाईला एक, कधी दोन. आता पुष्कळ टेबलांवर दिवसाला एक किंवा दोनच लढाया होतात. तिथे विझार्ड फेरीला एक मोठा मंत्र टाकूनही उरतो, आणि तलवारवाला बिचारा बघत बसतो. खेळाडूने म्हणूनच पहिले दोन-तीन खेळ आपल्या डीएमची सवय पाहावी. दिवसाला लढाया किती? रात्री झोपू देतो का? मागे कुणी लागलेलं असतं का? सरळ विचारलं तरी चालतं. "आजचा दिवस लांब आहे" एवढं मी सांगून टाकतो, त्याने खेळाची मजा जात नाही.

एक दिवस मांडून दाखवतो. आमच्या मोहिमेतला किल्ला रामटेकजवळच्या नगरधनवरून सुचलेला आहे. वाकाटकांची नंदिवर्धन राजधानी याच परिसरात होती असं मानतात, तेव्हा जमिनीखाली काहीतरी जुनं निजलेलं असणं आम्हा नागपूरकरांना पटायला जड जात नाही. पार्टीत विझार्ड, क्लेरिक, फायटर, रोग. सगळे पाचव्या लेव्हलचे. विझार्डची इंटेलिजन्स १८, सेव्ह डीसी १५.

सकाळीच मेज आर्मर. एसी १५ झाला, आठ तास चालतो, कॉन्सन्ट्रेशन लागत नाही. एक स्लॉट गेला पण दिवसभराचं काम झालं. उरले तीन, तीन, दोन.

वेशीवर चार गोब्लिन. इथे विझार्डने फक्त फायर बोल्ट टाकले. फायटर आणि रोगचं हे काम आहे, त्यांना करू द्यावं. दोन-चार ओरखडे आले तर येऊ द्यावेत, ते शॉर्ट रेस्टमध्ये हिट डाइसने (जखमा भरायच्या फाशांनी) भरून निघतात.

आतल्या दालनाच्या दारावर कसल्यातरी खुणा. डिटेक्ट मॅजिक, रिच्युअल करून. दहा मिनिटं गेली, स्लॉट नाही.

दालनात पाच घूल, दाटीवाटीने. इथे विचार करायची गरज नाही, पहिल्याच पाळीत फायरबॉल. घूलचे एचपी २२, डेक्स्टेरिटीचा बोनस २. सरासरीने तीन सेव्ह चुकतात आणि बहुधा जागीच संपतात, उरलेले दोघे सात-आठ एचपीवर. घूलच्या नखांनी माणूस लुळा पडतो, तेव्हा त्यांना दुसरी पाळी मिळू न देणं यालाच तिसऱ्या लेव्हलची किंमत आहे. उरले तीन, तीन, एक.

मग एका तासाचा शॉर्ट रेस्ट. विझार्डकडे आर्केन रिकव्हरी असते: दिवसातून एकदा, आपल्या लेव्हलच्या निम्म्या, वर धरून, इतक्या लेव्हलचे स्लॉट परत. पाचव्याला तीन. म्हणजे तिसऱ्या लेव्हलचा एक, किंवा दुसऱ्याचा आणि पहिल्याचा एकेक, किंवा पहिल्याचे तीन. त्याने तिसऱ्याचा घेतला. पुन्हा तीन, तीन, दोन. पुष्कळ जण ही सोय संध्याकाळपर्यंत राखतात आणि तोवर शॉर्ट रेस्टची संधीच मिळत नाही. भरून घेण्याएवढी जागा रिकामी झाली की पहिल्या रेस्टलाच घ्या.

पुढे अरुंद जिन्यात ओगर. दुसऱ्या लेव्हलचा वेब. डीसी १५, ओगरचा बोनस उणे एक, ७५ टक्के वेळा अडकतो. अडकला की त्याच्यावरचे वार अॅडव्हान्टेजने (दोन फाशांतला मोठा धरून), त्याचे डिसअॅडव्हान्टेजने (लहान धरून). सुटायला त्याला आपली पाळी खर्चून ताकदीचा फासा टाकावा लागतो, आणि तोही निम्म्या वेळा चुकतो. तरी त्याने एकदा सोटा हाणलाच, तेव्हा शील्ड. उरले दोन, दोन, दोन.

शेवटचं दालन. आत एक जुना मांत्रिक आणि त्याचे राखणदार. सहा स्लॉट हातात आहेत आणि यापुढे दिवस नाही हे पार्टीला कळलंय. आता राखायचं काही नाही, फक्त एक गोष्ट: तिसऱ्याचा एक स्लॉट काउंटरस्पेलसाठी. २०१४ च्या नियमात तो तिसऱ्या लेव्हलपर्यंतचा मंत्र आपोआप मोडतो, त्यावरच्यासाठी फासा टाकावा लागतो. २०२४ च्या नियमात समोरच्याला सेव्ह मिळतो, आणि तो चुकला तरी त्याचा स्लॉट जात नाही. म्हणजे नव्या नियमांनी खेळत असाल तर तिथे थोडी कमी आशा ठेवा. दुसरा तिसऱ्या लेव्हलचा स्लॉट पहिल्याच पाळीत राखणदारांवर.

क्लेरिकचा दिवस याच वेळी वेगळा चाललेला असतो, आणि मला तो जास्त अवघड वाटतो. त्याचेही स्लॉट नऊच. पण तिसऱ्या लेव्हलचा एक त्याने मनातल्या मनात कुलूपबंद केलेला असतो, रिव्हिविफायसाठी: मेलेल्याला मिनिटाच्या आत परत आणायचं, तीनशे सोन्याच्या नाण्यांचे हिरे त्यात संपतात. उरलेला तिसऱ्या लेव्हलचा स्पिरिट गार्डियन्सला. तो दहा मिनिटं चालतो, तेव्हा पार्टीने हात न आखडता पुढची खोलीही लगेच उघडली तर एका स्लॉटमध्ये दोन लढाया निघतात. आणि लढाई चालू असताना जखमा भरत बसायचं नाही. हीलिंग वर्ड एका डी-फोरचा, अधिक चार, म्हणजे सरासरी साडेसहा. ओगर एका वारात तेरा काढतो. २०२४ मध्ये फासे दोन झाले तरी शर्यत हरण्याचीच. हीलिंग वर्ड टाकायचा तो साथीदार शून्यावर कोसळल्यावर. साठ फुटांवरून, बोनस अॅक्शनमध्ये (पाळीतल्या जादा छोट्या कृतीत) तो उठतो आणि त्याची पाळी परत मिळते. साडेसहा एचपीपेक्षा ती पाळी मोठी.

बाकीच्या क्लासबद्दल, म्हणजे पात्रांच्या इतर प्रकारांबद्दल, थोडक्यात. वॉरलॉककडे पाचव्या लेव्हलला दोनच स्लॉट, पण दोन्ही तिसऱ्या लेव्हलचे आणि शॉर्ट रेस्टला परत येणारे. पार्टीत वॉरलॉक असेल तर तासभर बसायचं की नाही हे त्याला विचारून ठरवा, नाहीतर तो दिवसभर एल्ड्रिच ब्लास्ट हा कॅन्ट्रिपच मारत राहील. सॉर्सररला सॉर्सरी पॉइंट आणि स्लॉट यांची अदलाबदल करता येते, पण त्यात घट आहे: तिसऱ्या लेव्हलचा स्लॉट मोडला तर तीन पॉइंट मिळतात, तोच बनवायला पाच लागतात. मोडा, पण हिशोबाने. पॅलाडिनला डिव्हाइन स्माइट (स्लॉट खर्चून वाराला जोडायचं जादा डॅमेज) वार लागल्यावर ठरवता येतो, तेव्हा वीस पडायची वाट पाहणं त्याला परवडतं. फासे दुप्पट होतात.

झोपेचा प्रश्न

एवढं सगळं वाचून कुणी म्हणेल, प्रत्येक लढाईनंतर बाहेर येऊन झोपलं तर? नियमाने चोवीस तासांत एकदाच. सकाळी नऊला लढून झोपता येत नाही, उरलेला दिवस नुसता बसून काढावा लागतो. आणि इथे डीएमची जबाबदारी सुरू होते. किल्ल्यातला मांत्रिक तेवढ्या वेळात काय करेल? पळालेला गोब्लिन कुणाला सांगेल? आमच्या नगरधनमध्ये पार्टी एकदा माघारी गेली, तर दुसऱ्या दिवशी जिना आतून बुजवलेला होता आणि गावातली दोन माणसं बेपत्ता. ती शिक्षा नव्हती. जग त्यांच्यासाठी थांबलेलं नव्हतं एवढंच. असं एकदा झालं की खेळाडू रेस्टची किंमत स्वतःच लावायला लागतात.

झोपण्याआधी उरलेल्या स्लॉटचं काय? ते उद्यासाठी साठत नाहीत. पार्टीत ड्रुइड (निसर्गाचे मंत्र टाकणारा) असेल तर पहिल्या लेव्हलच्या उरलेल्या स्लॉटमधून गुडबेरी करून घ्या. दहा फळं, प्रत्येकी एक एचपी, चोवीस तास टिकतात. रात्री केलेली फळं सकाळी खिशात आणि स्लॉट पुन्हा भरलेले. रेस्टच्या आधीच्या पाच मिनिटांत हे करायचं असतं, आणि हमखास विसरलं जातं. विझार्डनेही त्या वेळी झोपायच्या जागेभोवती अलार्म रिच्युअलने टाकून ठेवावा.

प्रवासाच्या मोहिमेत मात्र हे सगळं गणित कोसळतं. जंगलातून चार दिवस चाललं, दिवसाला एखादीच लढाई, तर रोज रात्री सगळे स्लॉट परत येणार आणि कुठलीच लढाई जड वाटणार नाही. यासाठी २०१४ च्या डीएमच्या पुस्तकात एक पर्यायी नियम आहे: शॉर्ट रेस्ट आठ तासांचा, लाँग रेस्ट सात दिवसांचा. म्हणजे रात्रीची झोप हा शॉर्ट रेस्ट, आणि स्लॉट भरायला गावात आठवडाभर मुक्काम. पेंचसारख्या जंगलातून जाणाऱ्या भागात आम्ही हाच वापरला आणि रानातली एकेक लढाई पुन्हा जड वाटायला लागली. फक्त मंत्रांचा कालावधी त्याबरोबर ताणला जात नाही. मेज आर्मर आठ तासांचाच राहतो, एड हा मंत्रही आठ तासांचाच, गुडबेरी चोवीस तासांचीच. तेव्हा हा नियम लावायचा असेल तर मोहीम सुरू होण्याआधी सांगा आणि खेळाडूंना मंत्रांची यादी, हवं तर क्लाससुद्धा, बदलू द्या. वॉरलॉकची बाजू यात खूपच भक्कम होते, कारण त्याला रोज रात्री दोन्ही स्लॉट परत मिळतात आणि विझार्डला आठवडाभर त्याच नवांत आणि आर्केन रिकव्हरीने परत येईल तेवढ्यात भागवावं लागतं.